मक्तेदार गेला, मक्ता राहिला

१/
खुलताबादेतील एका कबरीवरून महाराष्ट्रात अधूनमधून रान पेटते. त्याच गावात, चालत जाण्याच्या अंतरावर, आणखी दोन राज्यकर्ते चिरविश्रांती घेत आहेत : निजामशाहीचा पेशवा मलिक अंबर आणि हैदराबादच्या राज्याचा संस्थापक निजाम-उल-मुल्क आसफजाह. औरंगजेबासह या तिघांच्या इतिहासातून एक प्रश्न पुन्हा पुन्हा डोके वर काढतो. मक्तेदारी मोडायची कशी? संगणकयुगातही तो सुटलेला नाही, आणि त्याविषयी एक भक्कम गैरसमज आज प्रचलित आहे. ही मालिका त्या गैरसमजाविरुद्ध आहे.

२/
गैरसमज असा : १९७७ साली उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी आयबीएमला देशाबाहेर काढले आणि भारतातील संगणकाची मक्तेदारी मोडली. विरुद्ध गोटाची कथाही तयार आहे : आयबीएमला हाकलले म्हणून देश मागे पडला. दोन्ही गोट वर्षानुवर्षे एकमेकांवर तुटून पडतात. परंतु १९७७ चा घाव मक्तेदारीवर होता, हे दोघांनाही मान्य आहे. नेमके तेच खोटे आहे. त्या वर्षी मक्तेदार गेला, मक्ता मात्र शाबूत राहिला.

३/
प्रथम शब्द. ‘मक्तेदारी’ हा शब्द मराठीत अरबी-फार्सीच्या वाटेने, महसुली कारभारातून आला. मक्ता म्हणजे ठरावीक रकमेच्या बोलीवर दिलेला वसुलीचा हक्क. सरकारला एकरकमी पैसा हवा असे. मक्तेदार तो भरण्याची हमी देई आणि मग रयतेकडून काय उकळायचे ते त्याचे तो पाही. म्हणजे मक्तेदार हा मुळात बलाढ्य व्यापारी नव्हे. ज्या एकाच दारातून सर्वांना जावे लागते, त्या दारावर बसवलेला तो माणूस होय. या मालिकेचा सारा युक्तिवाद या व्याख्येवर उभा आहे.

४/
पहिली कबर मलिक अंबरची. हबशी गुलाम म्हणून दख्खनेत आलेला हा पुरुष निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला, १६१० च्या सुमारास त्याने खडकी वसवली (तेच पुढचे औरंगाबाद) आणि १६२६ मध्ये तो मरण पावला. गनिमी काव्याचा सेनानी म्हणून तो सर्वांना ठाऊक आहे. ग्रँट डफने त्याच्या दुसऱ्या कामाची आवर्जून नोंद केली : अंबरने वसुलीचे मक्ते बंद केले.

५/
बंद केले म्हणजे काय केले? मक्तेदारांना नुसते घालवून तो थांबला नाही. जमिनीची प्रतवारी करवली, पिकाच्या मानाने सारा ठरवला, आणि वसुलीचे काम ब्राह्मण कारकुनांकडे देऊन त्यांच्यावर मुसलमान अधिकाऱ्यांची देखरेख ठेवली. मक्तेदाराची खरी ताकद त्याच्याकडच्या माहितीत होती. कोणत्या शेतात किती पिकते, हे सरकारला ठाऊक नव्हते, त्याला होते. अंबरने ती माहिती सरकारी दप्तरात आणली. मक्तेदार नको असेल, तर तो जे काम करतो ते करणारी दुसरी व्यवस्था आधी उभी करावी लागते, हा धडा येथे आहे.

६/
दुसरी कबर औरंगजेबाची. त्याच्या समग्र राजवटीचा निवाडा हा येथील विषय नाही. विषय एका फर्मानाचा आहे. ‘मिरात-ए-अहमदी’ या गुजरातच्या फार्सी इतिहासात १६६५ सालचा एक बादशाही हुकूम दिलेला आहे. गुजरातेत काही लोकांनी तांदळाच्या खरेदी-विक्रीचा मक्ता बळकावला असून त्यांच्या संमतीवाचून कोणाला तांदूळ घेता वा विकता येत नाही, परिणामी भाव चढले आहेत, अशी तक्रार त्यात नोंदवून ही प्रथा बंद करण्यास फर्मावले आहे. मक्तेदारीचे निदान याहून नेमके आजचा कायदाही करत नाही.

७/
निदान अचूक होते. उपचार मात्र दरबारी. बेकायदा करांच्या बाबतीत औरंगजेबाने असेच मनाईहुकूम काढले. खाफीखान हा त्या काळाचा इतिहासकार सांगतो की, जहागीरदार, फौजदार आणि जमीनदार यांनी त्यांतील बहुतेक हुकूम जुमानले नाहीत. कारण उघड आहे. हुकूम ज्यांनी अमलात आणायचा, त्यांचेच पोट त्या उत्पन्नावर चालत होते. ज्याच्या नावाने खुलताबाद हे नाव पडले, त्या आलमगिराची सही कागदावर होती. पेठेत मात्र त्याचा माणूस नव्हता.

८/
तिसरी कबर आसफजाहची. १७४८ मध्ये बुऱ्हाणपुरास मृत्यू आल्यावर त्याला येथे बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या दर्ग्यात दफन करण्यात आले. त्याने उभारलेल्या राज्यात पुढे वसुलीचा मक्ता, म्हणजे इजारा, पुन्हा बोकाळला. चंदुलालच्या कारभारात तर राज्य सावकार आणि इजारदार यांच्याकडे जणू गहाण पडले. पुण्यातही तीच तऱ्हा होती : दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती बोली लावून दिल्या जात. हैदराबादेत ही पद्धत मोडायला पहिला सालारजंग यावा लागला. त्याने इजारदार काढले आणि १८६५ च्या जिल्हाबंदीने पगारी अधिकाऱ्यांची साखळी त्यांच्या जागी बसवली.

९/
मलिक अंबरने सतराव्या शतकात मोडलेला मक्ता त्याच मुलखात एकोणिसाव्या शतकात दुसऱ्यांदा मोडावा लागला. तेव्हा मक्तेदारीविरुद्धच्या प्रत्येक पराक्रमाला तीन प्रश्न विचारले पाहिजेत. मक्तेदाराने अडवलेले दार नेमके कोणते होते? ते कोणी आणि कोणत्या साधनाने उघडले? उघडल्यावर त्या दारावर नवा माणूस येऊन बसला का? आता या तीन प्रश्नांची फूटपट्टी आयबीएमला लावू.

१०/
आयबीएमचे दार कोणते होते? यंत्र भाड्याने देणे. ग्राहकाच्या कचेरीत यंत्र उभे असे, पण मालकी कंपनीची. दुरुस्ती कंपनीचे अभियंते करीत. छिद्रांकित कार्डेही कंपनीचीच वापरावीत, अशी अट असे. या शेवटच्या अटीवर १९३६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने घाव घातला : यंत्राच्या भाडेकराराला कार्डांची खरेदी बांधणे बेकायदा ठरवले. संगणकाचा जन्म व्हायचा होता, पण संगणकबाजारातील मक्तेदारीचा पहिला खटला तेव्हाच निकालात निघाला होता.

११/
१९५६ मध्ये अमेरिकी सरकार आणि आयबीएम यांच्यात तडजोडीचा हुकूमनामा झाला. त्यानुसार कंपनीला यंत्रे केवळ भाड्याने न देता विकणेही भाग पडले, आणि बाहेरच्या स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांना सुटे भाग पुरवावे लागले. या अटी नीरस दिसतात. त्यांत गर्जना नाही, राष्ट्राभिमान नाही. परंतु कुलूप कुठे आहे हे त्या लिहिणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. यंत्र विकत मिळाले की जुन्या यंत्रांचा बाजार तयार होतो. सुटे भाग मिळाले की दुसरा कारागीर तयार होतो.

१२/
आता मुंबई. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शास्त्रज्ञांनी ‘टिफ्रॅक’ हा संगणक स्वतः घडवला. व्यापारी जगात मात्र आयबीएमचे राज्य होते. १९६१ मध्ये मुंबईच्या एस्सो तेल कंपनीत आयबीएम १४०१ बसवला गेला. पुढे परदेशात वापरून झालेली १४०१ यंत्रे मुंबईच्या कारखान्यात डागडुजी करून भारतीय ग्राहकांना भाड्याने देण्याचा धंदा फोफावला. १९६४ मध्ये जगापुढे सिस्टिम/३६० ही नवी पिढी आली. भारतात त्यानंतरही अनेक वर्षे १४०१ चेच भाडे भरले जात होते. १९७५-७६ मध्ये संसदेच्या लोकलेखा समितीने या व्यवहारावर कडक टीका केली. रोग खरा होता, यात शंका नाही.

१३/
या रोगावर देशात औषध होते. १९६९ चा मक्तेदारी व निर्बंधक व्यापारप्रथा कायदा १९७० पासून लागू होता. एका मालाला दुसरा माल बांधून विकणे यांसारख्या प्रथांची चौकशी करण्यासाठी त्यात आयोग होता. यंत्रे विका, सुटे भाग द्या, दुरुस्तीची माहिती खुली करा, असा आग्रह त्या वाटेने धरता आला असता. अमेरिकेचा १९५६ चा नमुना समोर होता.

१४/
१९७७ मध्ये आयबीएमपुढे उभा ठाकलेला कायदा दुसराच होता : १९७३ चा परकीय चलन नियमन कायदा. त्याचा प्रश्न असा की, कंपनीत परदेशी भांडवल ४० टक्क्यांहून अधिक का? ग्राहकाला दुसरा पर्याय आहे का, हे तो कायदा विचारतच नव्हता. डेटा केंद्रांच्या सेवेत भारतीय भागीदार घेऊ, पण उत्पादन आणि विपणन पूर्णतः आपल्याच मालकीचे ठेवू, असा प्रस्ताव आयबीएमने दिला. सरकारने तो नाकारला. १९७७ च्या नोव्हेंबरात कंपनीने निघण्याची घोषणा केली आणि १९७८ च्या मध्यापर्यंत ती गेली.

१५/
हा भेद काथ्याकूट वाटत असेल, तर पुण्याकडे पाहावे. ब्रिटिश आयसीएल कंपनीने ४० टक्क्यांची अट स्वीकारली आणि तिचा पुण्यातील उद्योग चालू राहिला. आजची झेनसार ही पुण्याची कंपनी त्याच वंशातली. म्हणजे आयबीएमने ६० टक्के भाग भारतीयांना विकले असते, तर तीच यंत्रे, तीच भाडी आणि तेच करार घेऊन ती सुखाने राहू शकली असती. चलन कायद्याची तक्रार तेवढ्यावर मिटली असती. मक्तेदाराने भागीदार बदलला की ज्या कायद्याचे समाधान होते, त्याला मक्तेदारीविरोधी म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे.

१६/
तिसरा प्रश्न : दारावर कोण येऊन बसले? सरकार. १९७० मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि १९७१ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स आयोग स्थापन झाला होता. हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनला, म्हणजे ईसीआयएलला, देशी संगणकनिर्मितीत झुकते माप होते. संगणक आयात करायचा तर विभागाची परवानगी, बनवायचा तरी विभागाची परवानगी. पूर्वी ग्राहक आयबीएमच्या दाराशी उभा राही. आता तो दिल्लीच्या दाराशी उभा राहू लागला. आसफजाही मुलखातला रयत हा अनुभव ओळखून हसला असता.

१७/
येथे न्यायाने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी संगणक देखभाल महामंडळाने, म्हणजे सीएमसीने, आयबीएमने मागे ठेवलेल्या यंत्रांची निगा आपल्याकडे घेतली. भारतीय अभियंते जी विद्या दुरून पाहत होते, ती त्यांच्या हाती आली. मलिक अंबरच्या कारकुनांशी नाते सांगणारे या साऱ्या प्रकरणातील हे एक काम. आणि लक्षात घ्यावे की ते हकालपट्टीच्या घोषणेतून उपजले नाही. दोन वर्षे आधी उभारलेल्या संस्थेमुळे शक्य झाले.

१८/
खरी स्पर्धा कधी आली? १९७८ च्या धोरणाने खासगी भारतीय उद्योगांना मिनी-संगणक बनवण्याची वाट मोकळी केली, तेव्हा. एचसीएल, डीसीएम, विप्रो ही नावे पुढे आली ती या वाटेने. १९८४ च्या धोरणाने बंधने आणखी सैल झाली. हे कोणा मंत्र्याच्या गर्जनेने घडले नाही, परवान्याच्या नियमांत बदल झाल्याने घडले. १९९२ मध्ये आयबीएम टाटांची भागीदार होऊन परतली, तेव्हा तिला तिचे जुने सिंहासन मिळाले नाही, कारण तोवर बाजारात अनेक दारे झाली होती.

१९/
आता या कथेतील सर्वांत दुर्लक्षित दुवा. जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकी सरकारने आयबीएमवर मक्तेदारीचा महाखटला भरला. तो तेरा वर्षे चालला आणि जानेवारी १९८२ मध्ये सरकारनेच मागे घेतला. निकाल शून्य, म्हणून खटला फुकट गेला, असे अनेक जण लिहितात. परंतु खटल्याच्या सावटाखाली, १९६९ च्या जूनमध्ये, आयबीएमने सॉफ्टवेअर आणि सेवा यांच्या किमती यंत्राच्या किमतीपासून वेगळ्या करण्याची घोषणा केली. तोवर सॉफ्टवेअर यंत्रासोबत येत असे. जी वस्तू पदरात फुकट पडते, ती दुसऱ्याकडून विकत कोण घेणार?

२०/
वेगळी किंमत लागताच सॉफ्टवेअर ही स्वतंत्र विक्रीची वस्तू झाली. मुंबईत १९६८ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस सुरू झाली होती. १९७४ च्या सुमारास तिने बरोज कंपनीचा संगणक आणून सॉफ्टवेअर निर्यातीला आरंभ केला. ज्या बाजारात ती उतरली, तो बाजार रुंदावण्यात त्या ‘फसलेल्या’ खटल्याचा वाटा आहे. १९७७ च्या हकालपट्टीला भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाची जननी म्हणणाऱ्यांनी तारखा तपासाव्यात. निर्यातीची वाट आयबीएम देशात असतानाच उघडली होती.

२१/
आक्षेप येईल : गरीब, नवस्वतंत्र देशाला अमेरिकेसारखे तेरा वर्षांचे खटले परवडणार होते का? आक्षेप वजनदार आहे, पण तो पुरता उतरत नाही. कायदा होता, आयोग होता, संसदीय समितीचा अहवाल होता. त्या कायद्याची नजर मात्र मुख्यतः देशी उद्योगघराण्यांच्या आकारावर खिळली. कोण किती मोठा, हे मोजण्यात दशके गेली. कोण कोणाचे दार अडवतो, हे पाहण्याचे राहून गेले. आकार मोजणे सोपे असते, अडवणूक सिद्ध करणे कष्टाचे. त्या कष्टांची टाळाटाळ झाली आणि तिला पुढे शौर्यकथेचा मुलामा चढला.

२२/
तो मुलामा आज महागात पडतो. जुन्या कायद्याच्या जागी २००२ चा स्पर्धा कायदा आला आणि २००९ मध्ये स्पर्धा आयोगाने अंमलबजावणी सुरू केली. २० ऑक्टोबर २०२२ रोजी आयोगाने अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. फोन बनवणाऱ्यांना गूगलची अ‍ॅप एकगठ्ठा भरावी लागतात, हा आक्षेपाचा गाभा होता. १९३६ ची कार्डे आणि २०२२ ची अ‍ॅप यांत तत्त्वतः अंतर नाही : एक वस्तू हवी असेल तर दुसरी गळ्यात बांधून घ्या.

२३/
दंडाचा आकडा ठळक मथळ्यांत झळकला, समाजमाध्यमांवर जयघोष झाला. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण आयोगाच्या दहा निर्देशांपैकी चार रद्द केले. दुसऱ्यांची अ‍ॅप-दुकाने प्ले स्टोअरमधून उपलब्ध करून देणे आणि आधीच भरलेली अ‍ॅप काढून टाकण्याची मुभा यांविषयीचे निर्देश त्यांत होते. दंड ही मक्तेदाराच्या खिशातली रक्कम. निर्देश ही दाराची किल्ली. जयघोष रकमेचा झाला. किल्ल्या हातच्या गेल्या, त्याची हळहळ फारशी कुठे उमटली नाही.

२४/
१९७७ च्या कथेने हीच सवय लावली आहे. मक्तेदाराला शिक्षा झाली की मक्ता मोडला, असे मानण्याची सवय. परदेशी कंपनी जाऊन स्वदेशी कंपनी आली की दार उघडले, असे समजण्याची सवय. उद्या एखाद्या भारतीय उद्योगसमूहाने फोन, जोडणी, दुकान आणि पैशाची देवघेव ही चारही दारे अडवली, तर या सवयीची माणसे टाळ्या वाजवतील, कारण मक्तेदार आपला असेल. रयतेला मात्र मक्तेदाराची जात आणि गाव पाहून सारा कमी द्यावा लागला, असे कोणतेही दप्तर सांगत नाही.

२५/
खुलताबादला येणारा प्रवासी आज वाट विचारतो ती फोनला. वेरूळचे कैलास लेणे, भद्रा मारुती, जेवणाचे ठिकाण, मुक्कामाची खोली, सारे तो त्याच पडद्यावर शोधतो. रस्त्याकडेच्या हॉटेलवाल्याचे गिऱ्हाईक नकाशावरच्या क्रमावर ठरते, आणि तो क्रम कोण कसा लावते हे त्याला विचारता येत नाही. कोणत्या शेतात किती पिकते हे एकट्या मक्तेदाराला ठाऊक असावे, तशीच ही स्थिती. म्हणून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डिजिटल स्पर्धा विधेयकाच्या मसुद्यासारखे रटाळ कागद दंडाच्या मथळ्यांहून महत्त्वाचे आहेत. अडवणूक होऊन गेल्यावर दंड करण्याऐवजी बड्या मंचांवर आधीच बंधने घालण्याचा विचार त्यात आहे. ती कशी असावीत यावर मतभेद असू शकतात. पण वाद व्हायचा तर त्यावर व्हावा.

२६/
तेव्हा इतिहासप्रेमींनी आयबीएमची कथा सांगावी, जरूर सांगावी. फक्त ती विजयकथा म्हणून किंवा शोककथा म्हणून सांगू नये. हातात योग्य कायदा असताना भलताच कायदा उगारला गेला आणि एका दारावरचा पहारेकरी बदलला, एवढाच तिचा निष्कर्ष आहे. खुलताबादेत गेल्यावर औरंगजेबाच्या कबरीपाशी वाद घालणारे पुष्कळ भेटतील. मलिक अंबरच्या घुमटाखाली गर्दी नसते. ज्याने मक्ता बंद करताना आधी जमिनीची प्रतवारी केली, त्याच्यापाशी घटकाभर थांबावे. मक्तेदारी कशी मोडतात, याचे उत्तर त्या गावात त्याच्याकडे आहे.